विश्वास, क्रिया आणि मधलीं वर्षें

ख्रिस्ती धर्माविषयीं जे आक्षेप आमच्या कानांवर वारंवार येतात, त्यांपैकीं एक असा आहे: “तुमच्या धर्मांत विश्वास ठेवला कीं मनुष्य तरला; मग तो बरें वागला काय आणि वाईट वागला काय, सारखेंच!” हा आक्षेप घेणारे लोक बहुधा सज्जन असतात, आणि त्यांच्या मनांत धर्मद्वेषापेक्षां नीतीविषयींची काळजीच अधिक असते. आपल्या मुलास ख्रिस्ती शाळेंत घालणारा पालक, मग तो कोणत्याही धर्माचा असो, हा प्रश्न काढतो तेव्हां त्यास खरोखर एवढेंच विचारावयाचें असतें कीं, येथें माझ्या मुलाच्या वागण्यास कांहीं वळण लागेल, कीं केवळ कांहीं मतें त्याच्या तोंडीं बसतील? प्रश्न रास्त आहे. त्यास घाईनें उत्तर देऊन मोकळें होणें आम्हांस बरें वाटत नाहीं; कारण ख्रिस्ती लोकांच्या इतिहासांत या आक्षेपास बळकटी देणारीं उदाहरणें थोडींथोडकीं नाहींत. त्यांतील एक तर आम्ही पुढें मुद्दाम मांडणार आहों. परंतु आधीं शास्त्रांत काय आहे तें पाहूं.

नव्या करारांत दोन पत्रें अशीं आहेत कीं, तीं वरवर वाचणारास एकमेकांविरुद्ध उभीं ठाकल्यासारखीं वाटतात. रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत पौल प्रेषितानें असें प्रतिपादन केलें आहे कीं, मनुष्य देवासमोर नीतिमान ठरतो तो नियमशास्त्रांतील कृत्यांच्या हिशेबावरून नव्हे, तर विश्वासावरून. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडावा, तर तेथें निराळाच सूर ऐकूं येतो. दाराशीं आलेल्या उपाशी व वस्त्रहीन भावाला गोड शब्दांनीं निरोप देऊन वाटेस लावणाऱ्याचा विश्वास त्या भावाच्या काय उपयोगाचा, असें याकोब विचारतो. आणि देव एक आहे एवढें तर भुतेंही मानतात, असा टोलाही मारतो. आणखी चमत्कार असा कीं, दोघेही साक्षीला एकाच मनुष्यास बोलावतात. तो मनुष्य म्हणजे अब्राहाम.

आमच्या मतें या कोड्याची किल्ली येथेंच आहे. पौल ज्या प्रसंगाकडे बोट दाखवितो तो उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायांतील आहे. म्हाताऱ्या आणि निपुत्रिक अब्राहामास देव रात्रीं बाहेर नेऊन तारे दाखवितो, आणि तुझी संतति अशी होईल असें वचन देतो. अब्राहाम त्या वचनावर विश्वास ठेवतो. त्यानें अद्यापि कांहींच केलेलें नाहीं. याकोब जो प्रसंग सांगतो तो बाविसाव्या अध्यायांतील, म्हणजे इसहाकास घेऊन डोंगर चढण्याचा. या दोन अध्यायांच्या मध्यें किती काळ गेला? इश्माएल जन्मला तेव्हां अब्राहाम ८६ वर्षांचा होता, आणि ताऱ्यांची रात्र त्याच्याही आधींची. इसहाक जन्मला तेव्हां तो १०० वर्षांचा झाला होता. आणि डोंगर चढतांना मुलगा होमाचीं लाकडें पाठीवर वाहण्याजोगा वाढला होता. म्हणजे चौदा वर्षें तर पुरीं गेलींच, शिवाय मुलगा मोठा होईपर्यंतचीं कित्येक आणखी. पौल विश्वासाच्या पहिल्या रात्रीविषयीं बोलतो, याकोब त्याच विश्वासाच्या कसोटीच्या दिवसाविषयीं बोलतो. आणि त्या मधल्या वर्षांत हाच अब्राहाम गरारांत गेला असतां जिवाच्या भीतीनें आपल्या बायकोस बहीण म्हणवून मोकळा झाला, हें उत्पत्तीच्या लेखकानें लपवून ठेवलेलें नाहीं. आम्हांस त्या लेखकाचें मोठें कौतुक वाटतें.

शिवाय या दोन लेखकांचे प्रतिपक्षीही निरनिराळे होते. सुंता व खाण्यापिण्याचे निर्बंध पाळल्यावांचून परराष्ट्रीयांस मंडळींत घेऊं नये म्हणणाऱ्यांस पौलाचें उत्तर आहे; तोंडानें सर्व मान्य करून हात बांधून बसणाऱ्यांस याकोबाचें. पौलाच्या मनांत क्रियेविषयीं अनादर असता, तर त्यानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायापासून पुढें आतिथ्य, सूड, कर, शेजारी अशा रोजच्या व्यवहाराविषयीं पानेंच्या पानें लिहिलीं नसतीं. गलतीकरांच्या पत्रांत तर ज्या विश्वासाची आपणांस किंमत आहे तो प्रीतीच्या द्वारें कार्य करणारा विश्वास होय, असें तो स्वच्छ सांगतो. आणि आमच्या पालकांचा आक्षेप? तो त्यालाही ठाऊक होता. कृपा वाढावी म्हणून आपण पाप करीतच राहावें काय, हा प्रश्न त्यानें रोमकरांच्या पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभींच स्वतः घालून त्याचा निषेध केला आहे. म्हणजे हा आक्षेप एकोणीसशें वर्षांहून अधिक जुना आहे.

पुढें या विषयावर युरोपांत जें रण माजलें त्याचा विस्तार आम्ही करीत नाहीं. मार्टिन ल्यूथर यानें इ. स. १५२२ मध्यें जर्मन भाषेंत नवा करार प्रसिद्ध केला, तेव्हां प्रस्तावनेंत याकोबाच्या पत्रास गवताच्या काडीची उपमा दिली. परंतु तें पत्र ग्रंथांतून काढून टाकलें नाहीं, आणि त्याच वर्षीं रोमकरांच्या पत्रास लिहिलेल्या प्रस्तावनेंत खरा विश्वास स्वस्थ बसूंच शकत नाहीं असेंही लिहिलें. १५४७ मध्यें ट्रेंटच्या धर्मसभेनें रोमन कॅथॉलिक मंडळीचा पक्ष मांडला. चारशें वर्षांहून अधिक काळ दोन्हीं बाजूंनीं एकमेकांस दोष दिल्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं जर्मनींतील ऑग्सबर्ग शहरीं ल्यूथरन व कॅथॉलिक मंडळ्यांच्या प्रतिनिधींनीं एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मनुष्य देवास मान्य होतो तो कृपेनें, आणि सत्कृत्यें हें त्या कृपेचें मोल नसून फळ होय, असा त्याचा मथितार्थ सांगतां येईल. भांडणाच्या मानानें समेट फार थोड्या ओळींत बसला, असें कोणी म्हटल्यास आम्ही त्यास हरकत घेणार नाहीं.

मोल आणि फळ यांतील भेद मुलांस समजावा म्हणून पौलानेंच वापरलेला एक दाखला आम्ही आपल्याकडील रीतीस धरून सांगतों. तो दत्तकाचा. घरांत गडी असतो आणि दत्तक घेतलेला मुलगा असतो. दोघेही पहाटे उठून शेतावर जातात. बाहेरून पाहणारास दोघांच्या कामांत भेद दिसणार नाहीं. परंतु गडी काम करतो तेव्हां घरांत त्याचें स्थान राहतें. उलट मुलास स्थान आधीं मिळालें, काम मागून आलें. तो मुलगा आळशी निघाला तर बाप दुःखी होईल, रागावेल, त्यास वळण लावील. पण दत्तकपत्र फाडून टाकणार नाहीं. आणि मुलाच्या अंगीं थोडी जरी माणुसकी असेल, तरी “आतां स्थान पक्कें झालें, शेत जळो” असें तो म्हणणार नाहीं. विश्वास व क्रिया यांचा ख्रिस्ती धर्मांतील संबंध थोडक्यांत हा असा आहे.

हें सर्व कागदावर नीट जमतें. माणसांत तें कसें जमतें, हा खरा प्रश्न. म्हणून आतां जॉन न्यूटन याची हकीकत घेऊं.

जॉन न्यूटन १७२५ मध्यें लंडनांत जन्मला. बाप जहाजाचा कप्तान. मुलगा अकराव्या वर्षापासून समुद्रावर. तरुणपणीं तो इतका उच्छृंखल झाला कीं, त्याची शिवीगाळ ऐकून खलाशीही कानांवर हात ठेवीत. पुढें पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गुलामांच्या व्यापाऱ्याच्या चाकरींत त्याचे अत्यंत हाल झाले. तेथून सुटून “ग्रेहाउंड” नांवाच्या जहाजानें तो स्वदेशीं परतत असतां १७४८ च्या मार्च महिन्यांत अटलांटिक महासागरांत भयंकर वादळ झालें. जहाजाची एक बाजू फुटली. आंत मेण आणि लांकूड असा हलका माल होता म्हणूनच तें तरलें. न्यूटन तासच्या तास पंपावर उभा राहिला, मग सुकाणूवर. आणि तेथें त्यानें कित्येक वर्षांनीं प्रथमच देवाचें नांव शिवीवांचून घेतलें. सुमारें चार आठवड्यांनीं जहाज आयर्लंडच्या किनाऱ्यास लागलें. वादळाचा तो दिवस त्यानें पुढें मरेपर्यंत दरवर्षीं उपकारस्मरणाचा दिवस म्हणून पाळला. “अमेझिंग ग्रेस” हें जगभर गायिलें जाणारें गीत त्याचेंच होय.

लोकांत ही गोष्ट बहुधा अशी सांगितली जाते कीं, वादळ झालें, न्यूटन पालटला, आणि त्यानें गुलामांचा व्यापार सोडला. गोष्ट सुटसुटीत आहे. दुर्दैवानें ती खरी नाहीं. वादळाच्याच वर्षीं तो पुन्हां आफ्रिकेस निघाला, तो एका गुलामवाहू जहाजावरचा अधिकारी म्हणून. १७५० ते १७५४ या काळांत त्यानें स्वतः कप्तान होऊन तीन सफरी केल्या. रविवारीं तो खलाशांस जमवून प्रार्थना चालवी. कप्तानाच्या खोलींत बसून तो पवित्र शास्त्र वाची, लॅटिन शिके, बायकोस लांबलचक प्रेमळ पत्रें लिही. आणि त्याच फळ्यांच्या खालीं, जहाजाच्या पोटांत, बेड्या घातलेलीं माणसें दाटीनें निजविलेलीं असत. बंडाचा संशय आला तेव्हां कबुलीजबाब मिळविण्यासाठीं कांहीं मुलांचे आंगठे लोखंडी चापांत आवळल्याची नोंद त्यानें स्वतःच्या हातानें आपल्या रोजनिशींत केली आहे. ती नोंद करतांना हात कांपल्याचें कोठेंही दिसत नाहीं.

वाचकहो, हा मनुष्य ढोंगी होता असें म्हणून आपण सुटूं शकत नाहीं. ढोंग्यास आपण काय लपवितों हें ठाऊक असतें; न्यूटनास आपण कांहीं लपवीत आहों असें वाटतच नव्हतें. तो काळच तसा होता, परवाना असलेला तो एक प्रतिष्ठित धंदा होता. त्यानें १७५४ मध्यें समुद्र सोडला तोही सदसद्विवेकबुद्धीच्या टोचणीनें नव्हे. घरीं बायकोजवळ बसला असतां अकस्मात् झटका येऊन तो पडला, आणि वैद्यांनीं सफर करूं नको म्हणून सांगितलें म्हणून. दहा वर्षांनीं, १७६४ मध्यें, त्यानें आत्मचरित्रपर पत्रें प्रसिद्ध केलीं. त्यांत तो म्हणतो त्याचा आशय असा: तुरुंगाच्या रखवालदारासारखें तें काम मला आवडत नसे, याहून सौम्य धंदा मिळावा अशी मी प्रार्थनाही करीत असें, परंतु तो धंदा मुळांतच अधर्माचा आहे असें मनांत आलें नाहीं. त्याच वर्षीं त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली.

कोणी म्हणेल, वादळांतला तो विश्वास कच्चा होता. पूर्ण विश्वास मागाहून आला. न्यूटननेंही स्वतःविषयीं तसेंच लिहिलें आहे. परंतु त्यानें अडचण दूर होत नाहीं. १७६४ मध्यें तर तो दीक्षित पाळक होता, शास्त्राचा अभ्यासू होता, आजारी व गरीब माणसांच्या घरीं जाणारा प्रेमळ मनुष्य होता. आणि तरीही त्या एका ठिकाणीं त्याच्या डोळ्यांवर झांपड होतीच. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका निघाली ती १७८८ मध्यें. वादळापासून ४० वर्षें. जहाज सोडल्यापासून ३४.

आतां याच काळांतील दुसरा एक मनुष्य घेऊं. जॉन वूलमन हा १७२० मध्यें अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत क्वेकर पंथाच्या कुटुंबांत जन्मला. तो कप्तान नव्हता, विद्वान् नव्हता. माउंट हॉली नांवाच्या गांवीं एका दुकानांत कारकून होता, आणि पुढें शिंपीकाम करून व फळबाग राखून राहिला. तो बाविशीच्या सुमाराचा असतां एके दिवशीं मालकानें त्यास एका नीग्रो बाईचें विक्रीखत लिहावयास सांगितलें. घेणारा समोर बसला होता. तोही क्वेकर, वयानें वडील. वूलमननें खत लिहिलें. मालकाचा हुकूम, वडील माणसाची भीड, आणि घाई. नकार देण्याइतका वेळही मनास मिळाला नाहीं. परंतु लिहितांना त्याचें मन इतकें अस्वस्थ झालें कीं, माणसें गुलाम करून ठेवणें ख्रिस्ती धर्मास धरून नाहीं असें मला वाटतें, हें त्यानें त्या दोघांसमोर तेथल्या तेथें बोलून दाखविलें. पुढें दुसऱ्या एकानें तसेंच खत लिहावयास सांगितलें, तेव्हां त्यानें नकार दिला.

येवढीच ती गोष्ट. वादळ नाहीं, जहाज नाहीं. एक दौत, एक टांक, आणि लिहावें कीं न लिहावें असा प्रश्न. आम्हांस मात्र तिच्यांत न्यूटनच्या वादळापेक्षां अधिक शिकण्याजोगें दिसतें. कारण पुढील सर्व आयुष्य वूलमननें आपला विश्वास अशाच लहान लहान वस्तूंपाशीं नेऊन तपासला. मृत्युपत्रें लिहून देणें हा त्याचा एक मिळकतीचा मार्ग होता. पण ज्या मृत्युपत्रांत गुलाम वारसास द्यावयाचे असत, तीं लिहिण्याचें त्यानें नाकारलें, आणि मिळकत बुडाली ती बुडूं दिली. दक्षिणेकडील प्रांतांत तो प्रवासास जाई तेव्हां गुलाम बाळगणाऱ्या घरीं मुक्काम पडे. तेथें तो आपली चाकरी केलेल्या गुलामांच्या हातीं निघतांना पैसे ठेवी, कारण फुकटची चाकरी घेणें म्हणजे त्या अन्यायांत वांटेकरी होणें असें त्यास वाटे. साखर गुलामांच्या श्रमानें होते म्हणून उतारवयांत त्यानें तीही वर्ज्य केली. त्याचें दुकान चांगलें चालूं लागलें तेव्हां व्याप वाढून मन गुंतेल म्हणून त्यानें तें आवरतें घेतलें. असला मनुष्य शेजारीं राहण्यास थोडा अवघडच, हें आम्ही कबूल करतों. तरी त्याची बोलण्याची रीत मात्र मृदु होती. तो आपल्या पंथांतील गुलाम-मालकांच्या घरोघर जाऊन तासच्या तास बसे, आणि त्यांच्या मनास प्रश्न लावून परत येई.

त्याची गुलामगिरीविरुद्धची पहिली पुस्तिका १७५४ मध्यें छापली गेली. हें साल वाचकांनीं लक्षांत ठेवावें. ज्या वर्षीं न्यूटन दुखण्यामुळें जहाजावरून उतरला, त्याच वर्षीं अटलांटिकच्या दुसऱ्या तीरावर हें पुस्तक निघालें. पुस्तक एकच दोघांपाशीं होतें, तें म्हणजे पवित्र शास्त्र. प्रभु एकच होता. प्रार्थना दोघेही करीत. वूलमन १७७२ मध्यें इंग्लंडांत आला आणि यॉर्क शहरीं देवी येऊन वारला. चार वर्षांनीं, १७७६ मध्यें, फिलाडेल्फियाच्या क्वेकर मंडळीनें गुलाम बाळगणाऱ्यास आपल्यांत ठेवावयाचें नाहीं असा ठराव केला. १७८७ मध्यें गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठीं लंडनांत जी सभा स्थापन झाली, तिच्या बारा संस्थापकांपैकीं नऊ क्वेकर होते. या सभेनें उठविलेल्या चळवळींतच, दुसऱ्या वर्षीं, म्हाताऱ्या न्यूटननें आपलें तोंड उघडलें.

तेव्हां भेद कोठें पडला? एकाचा विश्वास खरा आणि दुसऱ्याचा खोटा, असें म्हणणें सोपें आहे, पण आम्हांस तें न्याय्य वाटत नाहीं. आम्हांस असें वाटतें कीं, विश्वास मनुष्याच्या ठायीं आला तरी तो त्याच्या घराच्या सर्व खोल्यांत आपोआप शिरत नाहीं; त्यास एकेका खोलींत हातास धरून न्यावें लागतें. न्यूटननें तो कप्तानाच्या खोलींत नेला, प्रार्थनेंत नेला, संसारांत नेला. खालच्या मजल्याचें दार मात्र त्यानें उघडलें नाहीं, कारण तेथें त्याचा धंदा होता, आणि भोंवतालच्या कोणाही प्रतिष्ठित माणसानें तें दार उघडलेलें नव्हतें. वूलमनचा विश्वास पहिल्यानेंच पोहोंचला तो त्याच्या टांकापाशीं, म्हणजे जेथें त्याची भाकरी होती तेथें. क्रिया ही विश्वासाची केवळ साक्ष नव्हे. पुष्कळदां आपण काय मानतों हें आपणांस क्रियेच्या वेळींच प्रथम कळतें.

विद्यार्थ्यांनीं हें आपल्या ठायीं लावून पाहावें. सकाळची प्रार्थना खऱ्या मनानें म्हणणारा मुलगा दुपारच्या परीक्षेंत शेजाऱ्याच्या कागदाकडे पाहतो, तेव्हां सकाळीं तो खोटें बोलत होता असें आम्ही समजत नाहीं. सकाळ आणि दुपार यांच्यामध्यें जें दार आहे तें त्यानें अजून उघडलेलें नसतें. पालकांचेंही तसेंच. घरीं देवाधर्माचें सर्व यथासांग चालतें, आणि घरांत काम करणाऱ्या बाईच्या चहाचा कप मात्र निराळा, फुटका, खिडकीशीं ठेवलेला असतो. ख्रिस्ती घरेंही यास अपवाद नाहींत. एकाच पंगतीस बसण्याची शिकवण देणाऱ्या मंडळींतही जातीचा कप निराळा राहिल्याचीं उदाहरणें आपल्या देशांत आहेत, आणि तीं मिशनच्या पानांवर लिहावयास आम्हांस संकोच वाटूं नये.

तरी न्यूटनविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे, आणि ती सांगितल्यावांचून आमच्या पालकांच्या आक्षेपाचें उत्तर पुरें होत नाहीं. १७८८ मध्यें तो लंडनांतील एक नामांकित उपदेशक होता. साठी उलटलेली, कीर्ति झालेली, गीतें घरोघर गायिलीं जात होतीं. त्याच्या जुन्या धंद्याविषयीं त्यास कोणी जाब विचारीत नव्हतें. तो गप्प बसता तर त्याचें कांहींच बिघडलें नसतें. असें असतां त्यानें आपल्या नांवानिशीं पुस्तिका छापून जहाजावर काय चालतें तें सांगितलें. तें आपण स्वतः केलें हेंही सांगितलें. हा कबुलीजबाब फार उशिरां येत आहे आणि याची लाज मला जन्मभर वाटेल, अशा आशयाचें लिहिलें. पार्लमेंटच्या सभासदांस त्या पुस्तिकेच्या प्रति पाठविण्यांत आल्या. पुढें प्रिव्ही कौन्सिलपुढें त्यानें साक्ष दिली. व्यापाराच्या बाजूचे लोक म्हणत कीं, हीं सारीं चळवळ्या लोकांनीं रचलेलीं वर्णनें आहेत. आतां समोर एक कप्तानच उभा होता. ज्या विल्बरफोर्सनें पार्लमेंटांत हा लढा वीस वर्षें लढविला, त्यास १७८५ मध्यें राजकारण सोडूं नको असा सल्ला देणाराही न्यूटनच.

हें धैर्य कोठून आलें? ज्याचें सर्वस्व आपल्या चांगुलपणाच्या खात्यावर अवलंबून असतें, त्याच्यानें तें खातें दुसऱ्यास दाखववत नाहीं. एक काळी नोंद निघाली तरी त्याचें दिवाळें निघतें. न्यूटनचा विश्वास असा होता कीं, देवापाशीं आपलें स्थान त्या खात्यावर ठरलेलें नाहीं. म्हणून तो वही उघडूं शकला. कृपेनें तारण होतें या शिकवणीनें मनुष्य बेफिकीर होतो, असा आक्षेप आहे. तसे झालेले लोकही आहेत. परंतु त्याच शिकवणीनें एका म्हाताऱ्यास स्वतःविरुद्ध साक्ष देण्याचें बळ दिलें. उशिरां दिलें, यांत संशय नाहीं. त्या ३४ वर्षांत जीं हजारों माणसें जहाजांतून नेलीं गेलीं त्यांना त्याच्या पश्चात्तापाचा कांहीं उपयोग झाला नाहीं, हेंही आम्ही झांकून ठेवूं इच्छीत नाहीं. ब्रिटिश पार्लमेंटनें हा व्यापार बंद करणारा कायदा १८०७ च्या मार्चमध्यें केला. न्यूटन त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वारला.

येथवर विश्वास आधीं आणि क्रिया मागाहून, असाच क्रम आपण धरला. परंतु क्रम उलटाही असूं शकतो, आणि त्याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्यें इंग्लंडांत गेल्या. तेथें ज्या भगिनीसंघाच्या आश्रयास त्या राहिल्या, त्या भगिनींनीं लंडनजवळ फुलहॅम येथें चालविलेलें एक गृह त्यांस दाखविण्यांत आलें. समाजानें “पतित” म्हणून टाकलेल्या स्त्रियांस तेथें मायेनें वागवून पुन्हां उभें केलें जात होतें. रमाबाईंस शास्त्रें ठाऊक होतीं, वाद ठाऊक होते. असलें कृत्य त्यांनीं पूर्वीं पाहिलें नव्हतें. या बायांविषयीं तुम्हांस इतकी कळकळ कां वाटते, असें त्यांनीं विचारलें. तेव्हां एका भगिनीनें त्यांस योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. म्हणजे येथें कृति आधीं दिसली, आणि तिचें मूळ शोधीत जातां विश्वासाचा प्रश्न मागाहून आला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

आणि गंमत अशी कीं, बाप्तिस्मा घेतल्यावरही आपणांस धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो सुमारें आठ वर्षांनीं मिळाला, अशा अर्थाचें रमाबाईंनीं स्वतःच पुढें लिहून ठेवलें आहे. मधल्या त्या वर्षांत त्या कांहीं स्वस्थ बसल्या नव्हत्या; ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें तें याच काळांत. अब्राहामाच्या दोन अध्यायांच्या मध्यें जशीं वर्षें, तशींच हींही. १८९६ सालच्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि उपासानें मरूं घातलेल्या मुलींस व विधवांस शेंकड्यांनीं घेऊन आल्या. केडगांवच्या माळरानावर विहिरी खणल्या गेल्या, घरें उठलीं, माग आले, छापखाना आला. मुली खिळे जुळवूं लागल्या. रमाबाईंनीं मूळ भाषांवरून केलेलें पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर याच छापखान्यांत छापलें गेलें. त्या ५ एप्रिल १९२२ रोजीं निवर्तल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्यें बाहेर आला.

केडगांवीं ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यांत एकीचें नांव कृपासदन असें होतें. फुलहॅमला पाहिल्या होत्या तशाच स्त्रियांसाठीं तें घर होतें.